मिठागर पाहिलेला कॅमेरा

माझ्या भिंगाभोवती रबराचं कडं आहे. त्याच्या खाचेत मिठाचा एक दाणा अडकला आहे. दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा आणि चौकोनी आहे. त्याच्या तीन कडा सरळ आहेत, चौथी झिजली आहे. खाडीचं पाणी उन्हात सावकाश आटलं की मीठ असंच चौकोनी दाण्यांनी बाहेर येतं. पण हा दाणा पांढरा नाही, गुलाबी आहे. तो रंग कशाचा हे मला माहीत आहे, म्हणून मला त्याची किळस येते.

मित्रांनो, कॅमेऱ्याला कसली किळस, असं तुम्ही म्हणाल. मी जुना कॅमेरा आहे, आणि माझ्या वयात मला पुष्कळ गोष्टींची किळस येऊ लागली आहे. मला नाक नाही, पण डोळा आहे. त्याला पापणी नाही. झाकण आहे, पण ते दुसऱ्याच्या हातात असतं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून काम करत आणि हवेतली धूळसुद्धा गाळून घेत. पुढे मी पेणला लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडे आलो, आणि त्याच्याकडून मला रोह्याच्या नमिताने विकत घेतलं. नमिता कमी बोलते. फोटो काढताना ती श्वास रोखते, ते मला तिच्या बोटांतून कळतं. तिच्या हातात मी सुखी होतो.

तिला पहिलं काम दिलं ते मितेशने. मितेश तिचा मावसभाऊ. मुंबईच्या लोकांना तो आपल्या भागात सहलीला आणतो. रोह्याच्या एसटी स्टँडजवळ त्याचं ऑफिस आहे. सुंदर जागांचे फोटो त्याला लागतात. नमिताने मला डोळ्याला लावलं की तो शेजारून म्हणायचा, "नमू, जरा वर घे." वर घेतलं की खालची घाण फोटोत येत नाही. कुंडलिका नदीवरच्या धुक्याचा माझा फोटो त्याच्या ऑफिसात भिंतभर लावला आहे. त्या धुक्याखाली काठावर वापरलेले डायपर पडले होते आणि एक कुत्रा ते फाडत होता. भाताच्या खाचरांचा माझा फोटो पेणच्या प्रदर्शनात पहिला आला. त्याच्या डाव्या कडेबाहेर दारूच्या फुटक्या बाटल्या होत्या. लोक म्हणाले, "किती निर्मळ!" मित्रांनो, जे छापलं गेलं ते तुम्ही पाहिलंत. मी सगळं पाहिलं.

मग आम्ही धरमतर खाडीकाठच्या सीताबाईंच्या मिठागरावर गेलो. सीताबाई आणि त्यांचे यजमान पोपट हे दोघंच ते पिकवतात. पावसाळा संपला की मीठ धरायच्या उथळ वाफ्यांची जमीन ते पायांनी तुडवतात. उभं राहून, काठीचा आधार घेऊन, दिवसच्या दिवस. तुडवून ती ताटासारखी गुळगुळीत झाली तरच तिच्यावर मातीशिवाय मीठ धरतं. म्हणून वाफ्यात कोणीही चपला घालून उतरत नाही. स्वतः पोपटसुद्धा नाही, जावई आला तरी नाही.

"चपला काढ गो," सीताबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "वाफ्यात चपला नाय चालत."

नमिताने बूट काढून बांधावर ठेवले.

"मोजे पन काढ. मोज्यांनी काय आमचं मीठ गोड होनार हाय?"

नमिता हसली. त्या संध्याकाळी वाफ्यांत आभाळ उतरलं होतं आणि सीताबाई लाकडी फावडीने मीठ ओढत होत्या. पलीकडची धुरांडी तेवढी वगळावी लागली. खाली वगळण्यासारखं काहीच नव्हतं. इतकी स्वच्छ जमीन मी माझ्या कारखान्यानंतर पहिल्यांदाच पाहिली. तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे.

मितेशने तो जागेच्या नावासकट इंटरनेटवर सगळीकडे टाकला.

पुढच्याच रविवारी गाड्या आल्या. लोक बूट घालून वाफ्यांत उतरले. त्यांच्या टाचांनी जमीन फुटली आणि मिठातून काळा चिखल वर आला. कोणी मिठाच्या ढिगावर पान खाऊन थुंकलं. बिर्याणीची खोकी, कोंबडीची हाडं, ओले रुमाल बांधाच्या कडेने तरंगू लागले. बांधाआड माणसं लघवीला बसत आणि तेच पाणी उतरून वाफ्यात येई. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. त्यांनी गुलाबी धुराच्या नळकांड्या पेटवल्या. वारा खाडीवरून होता. सगळा धूर त्या दिवशी ओढलेल्या मिठावर बसला. आम्ही तेव्हा तिथेच होतो. माझ्या खाचेतला दाणा त्या ढिगातला आहे.

व्यापाऱ्याने माल पाहिला आणि टेंपो रिकामाच परत नेला.

"आता आमी रंगीत मीठ काढतो," पोपट नमिताला म्हणाले. "धुळवडीला घेऊन जा. खाल्लं तरी चालतं, फासलं तरी चालतं."

सीताबाई हसल्या नाहीत. "तुज्या फोटोत आमी लय चांगली दिसतो गो. लोकं येतच ऱ्हायली तर पुढच्या साली आमी वाफं तुडवनार नाय. मिठागर बंद. मग काढ फोटो चिखलाचं."

"मी दादाला सांगते," नमिता म्हणाली. "तो फोटो सगळीकडून काढून टाकायला लावते."

तिने सांगितलं नाही. मितेशचा फोन आला की ती मावशीची तब्येत विचारी, हवापाण्याचं बोले आणि फोन ठेवी. पोटाला लागणारं काम त्याच्याकडूनच येत होतं. त्याच्याशी तोडायची भीती तिच्या आवाजात मला ऐकू येई. मग तिने मला कपाटात ठेवलं. पावसाळाभर मी तिथेच होतो. ओल धरली आणि माझ्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढली. स्वतःच्याच डोळ्यात वाढणारी घाण पाहत मी बसलो. तिने मला बाहेर काढून पुसलं, तरी बुरशीची कडेची एक शीर तशीच राहिली. ती आता पुसली जात नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, सुंदर जागी जाल. तुमच्याही हातात माझा एखादा भाऊ असेल. त्याला वर उचलण्याआधी खाली बघा. तिथे पडलेलं तुमचं असेल तर उचला, दुसऱ्याचं असेल तरी उचला. कोणाच्या कामाच्या जागी जाल तर तिथली माणसं पाय ठेवतात तसाच पाय ठेवा. एवढंच मागणं आहे. माझा आवाज कडवट वाटला तर वाटू दे.

दिवाळीनंतर मितेशचा निरोप आला आणि आम्ही पुन्हा मिठागरावर गेलो. बांध दुरुस्त झाले होते, पण वाफे अजून तुडवलेले नव्हते. पोपट आणि सीताबाई काठ्या शेजारी ठेवून बांधावर बसले होते. सहलीची माणसं पुन्हा येणार की नाहीत हे कळल्याशिवाय त्यांना चिखलात पाय घालायचा नव्हता.

मितेशने टेंपो आणला होता. त्यातून दोघा माणसांनी पोती उतरवली आणि एका वाफ्यात उपडी केली. दुकानात मिळतं ते बारीक, कोरडं मीठ. चिखलावर पडताच ते राखाडी झालं आणि विरघळू लागलं.

"पटकन, नमू! पाणी व्हायच्या आत," मितेश बूट घालून वाफ्यात उभा राहून ओरडला. "सीझनचं बुकिंग उद्या उघडतंय. मावशी, तुम्ही फावडी घेऊन इथं उभ्या राहा. हसा जरा."

सीताबाई उठल्या नाहीत. "माज्या वाफ्यात इकतचं मीठ?" त्या पोपटना म्हणाल्या. "बघ रं बाबा. आता शेतात तांदूळ टाकून भात पिकवतील."

"अहो, फोटोपुरतं आहे, मावशी! कुणाला कळतंय?"

"ते बूट पन फोटोपुरतं हाय काय?" पोपट म्हणाले.

नमिताने बांधावर बूट काढले, मोजे काढले. ती वाफ्यात उतरली. तिची बोटं माझ्याभोवती घट्ट झाली, पण तिने मला डोळ्याला लावलं नाही. तिने माझं झाकण बसवलं. मला अंधार झाला, आवाज तेवढे राहिले.

"काय झालं? बॅटरी गेली का?" मितेशने विचारलं.

"नाही."

"मग काढ ना."

तिने श्वास रोखला होता. तो तिने सोडला.

"दादा, हा फोटो मी काढणार नाही. जुना फोटो माझा आहे, तो आत्ता, माझ्यासमोर सगळीकडून काढून टाक. आणि आता तू बूट काढ, बाहेर ये. यांना वाफे तुडवायचेत."