खर्च करणाऱ्याचं नाव

सुसाटबाईंनी एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि काचेपलीकडच्या गिऱ्हाईकाकडे पाहिलं.

“नाव तेवढं जरा गिळा की, बाई.”

“मी भरभर वाचते. गिळत नाही.”

रेडिओवरच्या जाहिरातीच्या शेवटी येणारं कायद्याचं वाक्य वाचावं तर त्यांनीच. एका दमात सगळं, आणि एकही अक्षर सांडायचं नाही. टोपणनाव त्यावरूनच पडलेलं. निवडणुकीच्या दिवसांत तर त्यांच्यावाचून स्टुडिओचं पान हलत नसे. जाहिरातीचा खर्च कोणी केला हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे, असा नियम. आणि खर्च करणाऱ्याला नेमकं तेच नको असायचं.

हे गिऱ्हाईक म्हणजे लाकडाचा व्यापारी, आणि जाहिरात ज्याच्या विरोधात होती तो उमेदवार त्याचा व्याही. व्याह्याने रुग्णालय बांधलं, पण डॉक्टर काही आणले नाहीत, याचा त्याला खरोखर राग होता. मात्र जाहिरात लिहिणाऱ्याने मध्येच एक वाक्य घुसडलं होतं: ‘ज्याला स्वतःचा मुलगा सांभाळता आला नाही, तो शहर काय सांभाळणार?’ तो मुलगा म्हणजे व्यापाऱ्याचा जावई.

“लेक त्या घरात नांदतेय,” तो म्हणाला. “माझं नाव ऐकलं तर पुन्हा माहेरची पायरी चढायची नाही ती.”

“दगड मारायचा आणि हात खिशात घालायचा, असं कसं चालेल, दादा?”

बाईंनी श्वास भरला आणि कायद्याचं वाक्य एका दमात वाचलं. रेकॉर्डिस्टने ते पुन्हा वाजवलं. वाक्य भरधाव होतं, पण नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं लख्ख. वडलांचं नाव आलं तेव्हा व्यापाऱ्याने मान खाली घातली.

“ते मुलाचं वाक्य काढता येईल?”

“येईल,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “पण झोंबणारं तेवढंच आहे हो. बाकी सगळं मिळमिळीत.”

“काढा. डॉक्टरांचं राहू द्या. ते मी व्याह्यांना तोंडावर सांगितलंय.”

वाक्य गेलं. जाहिरातीत ऐसपैस जागा झाली. बाईंनी हेडफोन नीट बसवला, तसा व्यापारी उठून काचेजवळ आला.

“आता वेळ आहे ना, बाई?”

“आहे की.”

“मग नाव सावकाश वाचा.”

सावकाश वाचायची त्यांना सवयच नव्हती. सुसाटबाई पहिल्याच शब्दाला अडखळल्या, हसल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.