खंडेनवमीची चकाकी

चकती फिरू लागली आणि दहाव्या मिनिटाला किरकिरली. तो आवाज निशिगंधाच्या कानाला चावला. स्क्रीनवरची घर्षणाची रेघ उड्या मारू लागली. तिने यंत्र थांबवलं. टायटॅनियमच्या चकतीवर नांगर फिरल्यासारखी खोल चरी, भोवती काळी भुकटी. आजची ही तिसरी, आणि तिन्हींची तीच गत.

"फेल ना?" प्रीतम सर दारातूनच म्हणाले. डोंबिवली एमआयडीसीतला हा कारखाना त्यांचा. "दुपारी माजिवड्याच्या पार्टीला रिपोर्ट जायचाय. पद्धत टिकत नाही म्हणून लिही, सही कर, विषय संपला."

विषय संपला! बंद डब्यात पोलादी गोळ्या नाचवून आठ महिने तिने हा धातू ठोकून घेतला होता. बाळाच्या अंगात तेल जिरवावं, तसा ठोका ठोका जिरवला होता. टायटॅनियम मुळात लोचट. ज्याच्यावर घासेल त्याला बिलगतं आणि स्वतःचेच लचके तोडून देतं. ठोकून ठोकून वरचे कण बारीक, घट्ट झाले की ते सावरतं. पण तो थर जेमतेम केसाएवढा.

तिने चकती उचलली. चरीच्या बाजूला तिला स्वतःचा चेहरा दिसला. ठोकलेली चकती तर मळकट असते!

ती तरातरा पॉलिशच्या चाकाकडे गेली.

"मामा, माझ्या चकत्यांना हात कोणी लावला?"

तीस वर्षं त्या चाकावर बसलेले धोंडिबा हसले. "मीच गं पोरी. खंडेनवमीला. तू दिव्याला घरी पाण्याच्या टँकरच्या रांगेत अडकलेलीस ना? पूजेत हत्यारं लखलखायला नकोत? सर म्हणाले, फोटो काढायचाय, त्या काळ्या चकत्या चमकव."

"किती घासल्यात?"

"तोंड दिसेस्तोवर."

आठ महिने एका फोटोसाठी चाकावर गेले होते. निशिगंधाच्या कपाटात एक चकती राहिली होती, पूजेला न गेलेली. तीच तिने यंत्रावर चढवली आणि सरांना हाताला धरावं तसं हाक मारून समोर उभं केलं. दहा मिनिटं झाली. वीस. चाळीस. रेघ पाटावर झोपल्यासारखी सरळ.

सरांनी घसा खाकरला. "बरं, मग लिही, पॉलिशवाल्याची चूक. म्हातारा आता रिटायर होणारच आहे."

"लिही पोरी," तिच्या मागोमाग आलेले धोंडिबा खाली बघत म्हणाले. "माझंच नाव घाल."

"मामा, तुम्ही गप्प बसा!" ती त्यांच्यावरच कडाडली. मग खुर्ची ओढून टाइप करत सुटली आणि एकेक शब्द मोठ्याने वाचत गेली. "तीन चकत्या. कारखान्याच्या मालकांनी. फोटोसाठी. पॉलिश करून घेतल्या. कठीण थर निघून गेला. न घासलेली चकती टिकली."

"अगं, वेडी आहेस का? पार्टी हसेल आपल्याला!"

"हसू दे. सर, यातून लोकांच्या खुब्यातले सांधे बनणार आहेत. तिथे पण फोटोसाठी घासणार? माणूस चालेल त्यावर, माणूस!"

"मी मालक आहे इथला."

"म्हणून तर तुम्हाला पहिल्या ओळीत घेतलंय."

तिने खाली सही केली आणि बटण दाबलं. रिपोर्ट गेला. सर काही बोलायच्या आत तिने चौथी चकती उतरवली. ती तशीच मळकट ठेवून तिने कपाटाला कुलूप लावलं.