तुबलीचा तिवर

नूरबानोच्या इंग्रजी पुस्तकात ओकचं झाड होतं. तिचे अब्बा जैनुद्दीन म्हणाले, "ओक? दाभोळच्या पोस्टात होते की ओक मास्तर. त्यांचं झाड कधी बघितलं नाही." तिची अम्मी मुनीरा खो खो हसली. लेक मात्र हसली नाही. ईसा टाउनच्या शाळेत टीचरनी सांगितलं होतं, ओक विलायतेचा, तुम्ही बहरीनचं झाड हुडका, कुणी न लावलेलं, इथल्याच मातीतलं. शनिवारी पान आणा आणि नाव सांगा.

"कसलं झाड गं?" मुनीराने विचारलं.

"यू वोन्ट नो, अम्मी."

झालं. वर्षभर हेच चाललं होतं. दहा वर्षांची पोर, मराठी सगळं समजायचं, पण बोलायची इंग्रजी, आणि आईला काही विचारायचं म्हणजे नावच नको. मुनीराच्या काळजात ते रुतून बसलं होतं.

शुक्रवारी जैनुद्दीनने पिकअप काढली. खजूर बाद, तो लावलेला. रस्त्याकडेची कण्हेर बाद, तीही लावलेली. नूरबानोचं तोंड एवढंसं झालं. तुबलीच्या खाडीशी पोचले तेव्हा ओहोटी होती आणि चिखलात हिरवीगार झुडपं उभी होती, भोवती खुंट्या ठोकाव्यात तशी मुळं वर आलेली.

मुनीराने चपला काढल्या, साडी खोचली आणि सरळ चिखलात शिरली. "अगं, साडी," जैनुद्दीन ओरडला. ऐकतंय कोण. तिने पान तोडून उलटं केलं आणि चाटलं.

"अम्मी, शी."

"तू चाट आधी."

नूरबानोने जिभेचं टोक लावलं. खारट.

"तिवर आहे हा," मुनीरा म्हणाली. "खारं पाणी पितो आणि मीठ पानावाटे टाकून देतो. दाभोळला आमच्या शेळ्या याच्यावर तुटून पडायच्या." तिला इतका आनंद झाला की ती त्या फांदीवरून हात फिरवतच राहिली.

शनिवारी नूरबानो धावतच घरी आली. टीचरनी पुस्तकातून लॅटिन नाव शोधलं होतं, शिपायाने अरबी नाव सांगितलं होतं, गुर्म. सगळ्या वर्गाने पान चाटलं होतं. वर्गासाठी केलेल्या तक्त्यावरची तिसरी ओळ, मराठी नावाची, तेवढी रिकामी होती, कारण टीचर केरळच्या, त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. दप्तर न उतरवता तिने तक्ता पुढे केला.

"अम्मी, तू लिही ना. मला येत नाही," ती म्हणाली. चक्क मराठीत.

मुनीराचे हात पिठाने भरलेले. तिने ते धुतले, पुसले, परत पुसले आणि ठळक अक्षरांत लिहिलं, तिवर.

"आणखी कुठली झाडं माहीत आहेत तुला?" नूरबानो तिला चिकटून बसली. मुनीरा सांगू लागली, आणि त्या दिवशी भाकऱ्या जैनुद्दीनला थापाव्या लागल्या.