पाहुण्याची हळद

नाथाजी, पत्र लिहायला बसलो आहे. तुला मी जी हळद दिली ती

इथवर लिहून कागद फाडला. १९७५ चा चैत्र.

आधी काय झालं ते सांगतो. नाथाजी आणि मी साताऱ्याच्या बोर्डिंगात एका खोलीत वाढलो. तो पलटणीत गेला, हवालदार होऊन म्हसवडला परतला. मी सांगलीत वडिलांच्या हळदीच्या दुकानात बसलो. फाल्गुनात तो बायकोला घेऊन दुकानात आला. बनुवहिनींच्या गालात आतून फोड होता, मिसरी लावायच्या बाजूला. मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता. विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घ्यायला लगेच भरती व्हा, म्हणाले होते.

"शेकबिक न्हाई," नाथाजी म्हणाला. "आमच्याकडं वैदू म्हणतोय, हळद तुपातनं पोटात घ्यायची, फोडावर दाबायची. गाठ जळून जाती. पण अस्सल पायजे म्हणाला. म्या म्हणलं, मग आपला जिनदत्ता कशाला हाय?"

"आदी डाक्टरचं ऐका म्हणत्ये मी," वहिनी पदराआडून म्हणाल्या.

"तू गप. पलटणीत मला गोळी लागली, तवा काय लावलं हुतं? हळदच."

"गोळी कुठली! काटेरी तार लागली हुती."

आम्ही तिघंही हसलो. वहिनींनी हसताना गाल हातानं धरला.

दुकानात दोन हळदी असत. दर्शनी पोत्यातली पिंपात घालून फिरवलेली, सोन्यासारखी. त्या झळाळीत दारांना देतात तो पिवळा रंग मिसळलेला असे. मागच्या पोत्यात हरिपूरच्या पेवातून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातून, काढलेली मातकट, सुरकुतलेली हळद. ती घरच्या स्वयंपाकाला. विकायची हळद आमच्या घरात कोणी खात नसे.

मी मागच्या पोत्याकडे हात नेला. वडील म्हणाले, "पाहुण्याला ते मातेरं देतोस? पुढची दे."

खोडतो. वडील त्या दिवशी कुंभोजला गेले होते. दुकानात मी एकटा होतो. मातकट हळद दिली असती तर नाथाजीनं विचारलं असतं, ही का, ती का नको? उत्तर द्यायची लाज वाटली. मी पुढची दोन किलो बांधून दिली. वर म्हणालो, "घरचीच समज."

नाथाजी, ती हळद अजून शिल्लक असेल तर वहिनींना

हाही फाडला. कारण त्याच दिवशी त्याचं कार्ड आलं. "हळद लागू पडली. फोड सुकल्यागत दिसतो. मिरजेचं नाव काढत नाही. गावात तुझं नाव झालं."

हळदीत गाठ मारायचं काही असेल किंवा नसेल, मला ठाऊक नाही. असलं तरी मी ते वहिनींच्या तोंडापर्यंत पोचू दिलं नाही.

ज्येष्ठात घरच्या हळदीची पूड पिशवीत घेऊन एस.टी.नं म्हसवडला गेलो. नाथाजी सिद्धनाथाच्या देवळात गेला होता. वहिनी सोप्यात बसल्या होत्या. गाल सुजलेला, बोलणं जड झालेलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी चुन्याची डबी काढली. डाव्या तळहातावर माझी जुनी हळद घेऊन चुना मळला. विटकरी झाली आणि थांबली. मग पिशवीतली चिमूट उजव्या तळहातावर मळली. लालभडक.

"आमी कुंकू घरी करतो, भावजी. खऱ्या हळदीला चुन्यानं लाल रंग चढतो. पयल्या दिशीच कळलं."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, जिनदत्ताची हळद खोटी म्हणतीस? आठ दिस बोलले न्हाईत माज्याशी." त्यांनी थुंकी गिळली. "आता तुमी सांगा. तुमचं ऐकतील. मग मला मिरजेला नेतील."

नाथाजी आला. कपाळावर गुलाल. "आलास व्हय रं गड्या!" म्हणून त्यानं मिठी मारली. त्याचा गुलाल माझ्या सदऱ्याला लागला.

मी म्हणालो, "ही नवी हळद आणलीय, आधीच्यापेक्षा जालीम. पण शेक घेतल्याशिवाय ती चालत नाही. वहिनींना मिरजेला न्यावंच लागेल."

"तू म्हणतोस तर उद्याच नेतो."

वहिनींनी दोन्ही तळहात पदराला पुसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी जबडा तपासून विचारलं, "तीन महिने कुठे होतात?"

नाथाजी साहेबापुढं उभा राहावा तसा ताठ झाला. "हळद चालू हुती, साहेब. म्हणून तर एवढी टिकली. ह्या माज्या दोस्तानं दिली. अस्सल."

"अस्सल?" डॉक्टरांनी मला विचारलं.

खाटेवरून वहिनीही बघत होत्या.

मी "हो" म्हणालो. वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आश्विनात वहिनी गेल्या. दहाव्याच्या दिवसाला आलेल्या लोकांना नाथाजी सांगत होता, "जिनदत्तानं लय केलं. हिचाच इस्वास नव्हता हळदीवर."

नाथाजी, पत्र लिहायला बसलो आहे. तुला मी जी हळद दिली ती रंगवलेली होती. वहिनी खरं बोलत होत्या. हे पोस्टात टाकत नाही. सकाळच्या गाडीनं येतो आणि तुझ्यासमोर वाचतो.