चार कुप्या नापास

टिचकीताई चाचणीत नापास झाल्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकलं, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आता ते झालंच नाही असं समजू या. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजलेत, टिचकीताई तात्पुरत्या कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत खुर्चीच्या कडेवर ताठ बसल्यात, आणि 'नापास' हा शब्द त्यांनी आजवर फक्त बाटल्यांच्या बाबतीत वापरलेला आहे.

शेजारी त्यांची लेक, मांडीवर कागदपत्रांची फाइल घेऊन. समोर नोंदणी करणारा कारकून. माणूस बरा होता, फक्त सर्दीने त्याचा पार निकाल लावला होता.

"नाव झालं, पत्ता झाला," तो नाक पुसत म्हणाला. "जास्तीत जास्त किती वेळ उभं राहू शकता?"

"जेवायला बसते," टिचकीताई म्हणाल्या. "बाकी उभीच."

हे लिहायला रकान्यात जागा नव्हती. त्याने 'हो' लिहिलं.

"व्यवसाय?"

"बाटल्या ऐकते."

कारकुनाने लेकीकडे पाहिलं. अशा वेळी लोक लेकीकडेच बघतात.

"काचेच्या कारखान्यात तपासनीस होती हो ती," लेक घाईघाईने म्हणाली. "एकतीस वर्षं."

"म्हणजे बघायचं काम."

"डोळे काय, सगळ्यांनाच असतात," टिचकीताई म्हणाल्या. "पट्ट्यावरून बाटली आली की तिला नखाने टिचकी मारायची. चांगली बाटली टण्ण म्हणते. चिरलेली टक् म्हणते, तेही कोणी विचारलं म्हणून नाइलाजाने. चीर केसाएवढी असते. दिसत नाही, पण लपत नाही."

त्यांना टिचकीताई हे नाव कारखान्याने दिलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की निरोपसमारंभाच्या शालीवरच्या चिठ्ठीतही तेच होतं. तो निरोप आठ महिन्यांपूर्वीचा. कारखान्यात कॅमेरा आला. त्याला डोळे सतरा आणि कान एकही नाही, पण तो चहाला जात नाही, म्हणून साहेबांना आवडला.

तेव्हापासून टिचकीताई लेकीकडे होत्या. रोज सकाळी सातला वेणीफणी करून, चपला घालून दाराशी उभ्या राहायच्या. जायला कुठे नसायचं. मग चपला काढून त्या स्वयंपाकघरात शिरायच्या आणि तिथल्या मालाची तपासणी करायच्या. पहिल्याच आठवड्यात नऊ कप नापास झाले. पुढच्या महिन्यात लोणच्याच्या दोन बरण्या गेल्या. जावई स्वभावाने गरीब. स्टीलच्या पेल्यातून चहा पिताना त्याची बोटं भाजायची, पण तो एवढंच म्हणाला, "आईंना कुठेतरी काम मिळालं तर बरं, नाहीतर चष्म्यावर पाळी येईल." तेव्हा कुठे लेकीने फाइल शोधली.

खरं तर लेकीला चष्म्याची काळजी नव्हती. दाराशी चपला घालून उभी राहिलेली आई तिला बघवत नव्हती.

कारकून संगणकावरची यादी खालीवर करत होता. "बागकाम आहे, बांधकाम आहे, बेकरी आहे. बाटल्या नाहीत. मावशी, 'इतर' लिहू?"

"इतर म्हणजे कोण?"

"म्हणजे... बाकीचे."

"मी बाकीची नाही," टिचकीताई शांतपणे म्हणाल्या.

"आई!" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

पण कारकुनाला शिंक आली आणि विषय मिटला. शिंकेतून सावरल्यावर तो म्हणाला, "असं करू. हाताची चाचणी द्या. पास झालात की कुशल. औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या विभागात दीड महिन्याचं काम आहे, सोमवारपासून. कुशलच पाहिजेत. नाहीतर मग अकुशलच्या यादीत. तिथे झाडण्यापासून ओझ्यापर्यंत जे येईल ते, आणि कधी येईल ते मी तरी सांगू शकत नाही."

'बाटल्या' हा शब्द ऐकल्यावर टिचकीताईंच्या उजव्या हाताचं मधलं बोट आपोआप अंगठ्यामागे गेलं. लेकीने ते पाहिलं. तिने मनातल्या मनात सोमवारचा डबासुद्धा भरला.

चाचणी सोपी होती. टेबलावर पन्नास रिकाम्या काचेच्या कुप्या, पन्नास झाकणं आणि खणाखणांचा एक ट्रे. दहा मिनिटांत कुप्यांना झाकणं लावून ट्रेमध्ये ठेवायची. पन्नासातल्या अठ्ठेचाळीस झाल्या तर कुशल. कारकुनाने घड्याळ लावलं. "व्हा सुरू."

टिचकीताई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांचे हात चालू लागले आणि ऑफिसात एक वेगळाच आवाज घुमू लागला. टण्ण, झाकण, खण. टण्ण, झाकण, खण. शेजारच्या टेबलावर अर्ज भरणारा एक ड्रायव्हर लिहायचं थांबून बघू लागला. कोणी वाद्य लावतंय असं त्याला वाटलं असावं. सातव्या मिनिटाला टिचकीताईंनी हात झटकले.

"झालं."

कारकुनाने ट्रे मोजला. पुन्हा मोजला. "शेहेचाळीस. मावशी, चार राहिल्यात की! तीन मिनिटं आहेत अजून, टाका."

चार कुप्या टेबलाच्या कडेला वेगळ्या उभ्या होत्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या.

"त्या राहिल्या नाहीत," टिचकीताई म्हणाल्या. "काढल्यात. चिरलेल्या आहेत."

"असू देत हो! औषध थोडंच भरायचंय त्यात? चाचणीच्या आहेत त्या. सहा वर्षं वापरतोय. चारशेच्या वर माणसं यांच्यावर पास झालीत."

"चारशे?" टिचकीताईंचा चेहरा खरोखरच उतरला. "आणि कोणीच काही बोललं नाही?"

"अडीच मिनिटं," कारकून म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. "हे बघा, मला नाक शिंकरायचंय. मी तिकडे बघणार नाही. तेवढ्यात दोन जरी आत गेल्या ना, तरी काम होतंय तुमचं."

माणुसकी याहून मोठ्या आवाजात नाक शिंकरू शकत नाही.

"आई, टाक ना गं," लेक काकुळतीला आली. "दोन तर टाकायच्यात. कोणाचं काय जातंय? सोमवारपासून जाशील कामावर. सातला निघशील. खरोखरची निघशील."

टिचकीताईंनी एक कुपी उचलली. हात ट्रेपर्यंत गेला. एकतीस वर्षांत तो हात माल न ठेवता परत आला नव्हता आणि चुकीचा माल ठेवूनही परत आला नव्हता. आता या दोनांतलं एक करणं भाग होतं. तो तसाच अधांतरी थांबला.

"तूच ठेव," त्या लेकीला म्हणाल्या. "पण ठेवायच्या आधी ऐक. मग तुला ठेवावीशी वाटली तर ठेव."

लेक वैतागली. तिने कुपी घेतली आणि रागारागाने टिचकी मारली. मग ट्रेमधली एक उचलून तिला मारली. मग पुन्हा पहिलीला. लहानपणी आई कामावरून आली की तिची बोटं दुखायची आणि लेक ती दाबून द्यायची. ती नेमकी कशाने दुखतात, हे तिने इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "ही नुसतीच टक् म्हणाली."

"मग?"

"मग काय. नापास."

तिने कुपी उचलून परत कडेला ठेवली, उरलेल्या तिघींच्या रांगेत, जपून. घड्याळ वाजलं. कारकून वळला, ट्रे पाहिला आणि त्याचे खांदे पडले.

"अकुशल लिहा," लेकच म्हणाली. असं म्हणताना ती मघाच्या आईपेक्षा ताठ बसली होती.

त्याने लिहिलं. लिहून झाल्यावर चोरून ट्रेमधल्या एका आणि कडेच्या एका कुपीला टिचकी मारून पाहिली, पण सर्दीने कानाला दडे बसलेले. त्याला दोन्ही सारख्याच वाटल्या. "मावशी," तो ओशाळून म्हणाला, "काही सूचना असेल तर लिहून द्या. वर पाठवतो. वर कोणी वाचत नाही, पण मी पाठवतो."

टिचकीताईंनी सांगितलं, लेकीने सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. ते असं:

"मा. व्यवस्थापक यांस, विनंतीपूर्वक अर्ज करते की, आपल्या चाचणीच्या पन्नास कुप्यांपैकी चार सदोष असून त्या आजच्या तारखेस माझ्याकडून नापास करण्यात आल्या आहेत. सबब, मागील सहा वर्षांत सदर कुप्यांवर कुशल ठरलेल्या चारशेहून अधिक उमेदवारांना सन्मानाने परत बोलावण्यात यावे. त्यांना रागावू नये, कारण त्यांना ऐकायला कोणी शिकवलेले नाही. ते शिकवण्याची जबाबदारी मी घेण्यास तयार आहे. त्यासाठी एक शांत खोली, सकाळी सातची वेळ आणि सर्व चारशे जण येईपर्यंत मुदत मिळावी, ही नम्र विनंती."