पेटी अर्जदारापासून सुरक्षित नाही

ज्या बाईने गावातल्या अर्ध्या घरांना किल्ल्या करून दिल्या, तिच्याच घरात भरदुपारी चोर शिरला. हसा. सगळे हसले, तुम्हीही हसून घ्या आणि मग पुढे वाचा.

माझं कुलुपांचं दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे. नवरा गेल्यावर मीच चालवते. त्या दिवशी कानस घरी विसरले म्हणून वेळेआधी परत आले, तर दार नुसतं लोटलेलं. आत आतल्या खोलीच्या भिंतीपाशी एक टक्कल पडलेला माणूस उभा. मला पाहून त्याचाच चेहरा पांढरा पडला. मी ओरडायच्या आत मला खांद्याने ढकलून तो बाहेर पळाला, आणि जिन्यावरून वर बघून म्हणाला, "बाई, कुलूप बदला!"

वीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले. तेच एका चोराने मला सांगावं? तोंडात मारल्यासारखं झालं.

काही गेलं नव्हतं. उलट एक वस्तू वाढली होती. पलंगाखाली मोजपट्टीचा डबा सापडला. पाच मीटरचा, पिवळा.

संध्याकाळी दीर आले. घर दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे भाऊजींना त्याची फार काळजी. माझीही. या 'काळजी' शब्दाने बायकांची जेवढी घरं रिकामी केलीत तेवढी आगीने केली नसतील.

"वहिनी, ही टेप त्याने गळा आवळायला आणली होती," भाऊजी म्हणाले.

"पाच मीटर? गळा माझाय की जिराफाचा?"

"थट्टा नको. आता एकटं राहायचं नाही. घर विकून टाकू, तुम्ही आमच्याकडे या. मागची खोली रिकामीच आहे."

ती खोली मला माहीत आहे. तिला खिडकी नाही आणि दाराला आतून कडी नाही.

"मी जाणार नाही. मी पिस्तूल घेईन," मी म्हणाले. खरं सांगते, तोंडातून निघून गेलं.

भाऊजी एवढे हसले की शेजारचं जोडपं दारात येऊन उभं राहिलं. त्या दोघांसमोर ते म्हणाले, "घ्या! तुम्हाला सरकारने परवाना दिला ना वहिनी, तर मी जन्मात या घराच्या विक्रीचं नाव काढणार नाही. पण तीन महिन्यांत नाही मिळाला, तर मुकाट्याने सही करायची."

"कबूल," मी म्हणाले. शेजारीण म्हणाली, "आम्ही ऐकलंय हं."

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नाही. रात्री ते कुलूप मी खोललं होतं. तारेने उघडलेल्या कुलपाच्या आत बारीक ओरखडे राहतात. माझ्या कुलपात एकही नव्हता. ते किल्लीने उघडलं होतं. किल्ल्या दोनच, एक माझ्या कमरेला आणि दुसरी, अडीअडचणीला असू दे म्हणून मीच कापून दिलेली, भाऊजींकडे. पण घरच्या माणसावर संशय घेण्यापेक्षा अनोळखी चोरावर पिस्तूल रोखणं सोपं असतं. मी सोपं काम निवडलं.

पिस्तुलांच्या दुकानात मालक गोड हसला आणि त्याने एक गुलाबी मुठीचं चिमुकलं पिस्तूल काचेवर ठेवलं. "हे घ्या, खास लेडीज. पर्समध्ये मावतं."

"गुलाबी का?"

"बायकांना आवडतं."

"मला करवत आवडते. तीही गुलाबी देता का?"

मी ते उचललं. बोट आपोआप चापावर गेलं आणि तो गोड माणूस वाघासारखा डरकाळला, "बोट बाहेर! नळी खाली! रिकामं असलं तरी भरलेलं आहे असंच धरायचं!" तिथून पुढे मला तो आवडला. ज्याला आपल्या मालाची भीती वाटते तोच खरा कारागीर.

मी मागचा भाग ओढून पाहिला. स्प्रिंग एवढी कडक की अंगठा वाकला.

"हे हलकं आहे ना?" तो म्हणाला, आता सरळ आवाजात. "म्हणूनच जास्त लाथ मारतं. वजनदार असलं तर धक्का तेच खातं, नाहीतर तुमचं मनगट. लहान म्हणजे सोपं नाही."

"मग बायकांना हेच का दाखवता?"

"कारण बहुतेक बायकांबरोबर नवरा येतो, आणि निवडतो तो."

शेवटी एक मध्यम आकाराचं, काळं, फिरत्या चक्रीचं रिव्हॉल्व्हर माझ्या हाताला बसलं. गोळ्यांची सहा घरं, डोळ्यांना दिसणारी. आत काय चाललंय ते कळतं. चाप जड होता, पण वीस वर्षं कानस चालवलेल्या बोटाला त्याचं काय?

"परवाना आणा, मग न्या," तो म्हणाला. "घरी पिस्तूल पोलादी पेटीत, गोळ्या तिच्याच वेगळ्या कप्प्यात, दोन्हींना कुलूप."

"आणि चोर आला तर? त्याला खुर्ची देऊ, पंखा लावू, म्हणू, बसा, एवढ्यात किल्ल्या शोधते?"

"बाई, तो नियम चोरासाठी नाहीच. घरातल्यांसाठी आहे. रागाच्या भरात हात जातो तो घरच्याच माणसावर."

मला भाऊजींचं हसणं आठवलं. मी म्हणाले, "नियम बरोबर आहे."

मग अर्ज. अर्ज म्हणजे आपल्याकडून आपल्याच अब्रूचा हिशेब लिहून घेण्याची युक्ती. चारित्र्याचा दाखला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, नेमबाजीचं प्रशिक्षण, डॉक्टरांचं पत्र. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत का?" मी म्हणाले, "परवाना मिळाल्यावर." त्यांनी माझा रक्तदाब पुन्हा मोजला.

'धोका कोणापासून?' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "चोराचं नाव माहीत नाही ना? 'अज्ञात इसम' लिहा." मी लिहिलं. 'व्यवसाय' या रकान्यात मात्र मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'कुलुपे उघडणे'. कारकुनाने त्याखाली लाल रेघ मारली आणि माझा अर्ज पाच आठवडे कुठेतरी झोपला.

तो जागा झाला तेव्हा मुदतीचे वीस दिवस उरले होते. शेवटची पायरी घराची तपासणी. मंजूर यादीतली पोलादी पेटी आणून मी भिंतीत पक्की बसवली होती. तपासनीस आला, तरुण, घामाघूम, काखेत फाइल. वास लागल्यासारखे भाऊजीही आले.

तपासनीसाने पेटी हलवून पाहिली, किल्ली फिरवून पाहिली. "छान. आता इथे सही करा, मावशी. 'ही पेटी माझ्याशिवाय कोणीही उघडू शकणार नाही, असे मी सत्य लिहून देत आहे.'"

मी हातात पेन घेतलं आणि मला हसू फुटलं.

"काय झालं?"

"साहेब, हे लिहून कसं देऊ? हिला चार खटके आहेत आणि त्यातला एक नुसता शोभेचा. ही तर कोणीही..." आणि मी केसातला आकडा काढला.

या क्षणी शहाणी बाई गप्प बसली असती. घर जाणार होतं, पेन हातात होतं, सही दोन इंचांवर होती. पण माझ्यासमोर कोणी वाईट कुलपाला चांगलं म्हटलं की माझ्या हातांना खाज सुटते. हा आमच्या धंद्याचा रोग आहे.

पेटी उघडली. मनातल्या मनात अकरा अंक मोजून झाले होते.

मग तपासनीस रडवेल्या आवाजात म्हणाला, "अहो मावशी, मी सही करणारच होतो हो!"

भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "लिहा साहेब, लिहा! जिची पेटी आकड्याने उघडते, तिला बंदूक कशाला?"

तपासनीसाने शेरा लिहिला, तो मी वाचला. 'पेटी अर्जदारापासून सुरक्षित नाही.'

"अहो पण अर्जदारच मालक आहे! पेटी माझ्यापासून कशाला सुरक्षित हवी?"

"ते मला विचारू नका. पंधरा दिवस देतो. दुसरं कुलूप लावा." जाताना तो दारात थांबला आणि हळूच म्हणाला, "मावशी... हीच पेटी? सगळ्याच अशा उघडतात?"

"हो. का?"

"ऑफिसात आमच्याकडे बारा आहेत." आणि तो न विचारता माझ्या माठातलं पाणी प्यायला.

ते पंधरा दिवस मी दुकान अर्धा वेळच उघडलं. पितळेचे नऊ खटके कापले, त्यात दोन उलटे बसवले, आणि तिरकी किल्ली केली. आपलं कुलूप आपल्याला उघडता येऊ नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवत होते. पहिलं सहा मिनिटांत उघडलं, फेकलं. दुसरं वीस मिनिटांत. तिसऱ्याला चाळीस लागली आणि बोटाचं कातडं गेलं. ते पेटीला लावलं. पितळ उरलं होतं, राग तर भरपूर उरला होता, म्हणून तसंच आणखी एक करून घराच्या दारालाही ठोकलं. ओरखडे नसलेलं जुनं कुलूप मी मोजपट्टीशेजारी फळीवर ठेवून दिलं.

चौदाव्या दिवशी, दुपारी, तपासनीस न कळवताच पुन्हा आला. दार लावून आम्ही आतल्या खोलीत गेलो. त्याने स्वतः आणलेल्या तारा, आकडे, एक स्क्रू-ड्रायव्हर, सगळं पेटीवर चालवून पाहिलं. पेटी ढिम्म. तो खूश होऊन पेन काढतोय, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. खर्र. खर्र.

कोणीतरी दाराच्या कुलपात किल्ली घालत होतं.

तपासनीसाचा चेहरा उतरला. तो पुटपुटला, "चोर! मी ओरडू का?"

"गप बसा. ते उघडणार नाही."

आम्ही दोघं पाय न वाजवता दारापाशी गेलो. बाहेर किल्ली फिरवण्याची खटपट चालली होती. मग एक घोगरा, अनोळखी आवाज म्हणाला, "साहेब, मागच्या वेळी तर हीच किल्ली लागली होती."

"आणा इकडे, मीच फिरवतो," दुसरा आवाज म्हणाला. "ती आता दुकानात आहे. गिऱ्हाइकाला आज मापं द्यायचीत."

दुसरा आवाज मी पंचवीस वर्षं ओळखते. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळ्यात जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या.

"मला आत पाठवू नका राव," घोगरा म्हणाला. "मागच्या वेळी बाई अचानक आल्या, मी अर्धा मेलो. पळताना त्यांना सांगूनही टाकलं, कुलूप बदला म्हणून. वाईट वाटलं मला. आणि माझी टेप आतच राहिली, चांगली होती."

मी दार उघडलं.

भाऊजींच्या हातात किल्ली तशीच हवेत राहिली. त्यांच्यामागे टक्कल पडलेला तो माणूस. चोर नव्हता, घरांची दलाली करणारा एजंट होता. मी फळीवरची मोजपट्टी उचलून त्याच्या हातात दिली. "घ्या. जिराफाच्या गळ्याची."

तो म्हणाला, "थँक्यू," आणि मग आपण काय बोललो ते कळून जिन्याकडे सरकला.

"वहिनी, मी तुमच्या काळजीपोटीच..." भाऊजींनी सुरुवात केली.

"एक शब्द नका बोलू भाऊजी. तो शब्द तर मुळीच नको."

तपासनीस फाइल उघडून उभा होता. त्याने घसा साफ केला. "मावशी, अडचण झाली. धोका 'अज्ञात इसम' असा लिहिलाय. आता इसम ज्ञात झाला. 'अज्ञात' तसंच ठेवलं, तर पेटी पास, परवाना मिळेल. यांचं नाव लिहिलंत, तर कारण बदललं, परवाना अडकेल. मग यांच्यावर तक्रार घ्यावी लागेल, घरात घुसल्याची."

आणि मग मी ते दृश्य पाहिलं, जे पाहायला अख्खी गल्ली यायला हवी होती. भाऊजी हात जोडून म्हणाले, "वहिनी, अज्ञातच राहू द्या! तुम्ही पिस्तूल घ्या! मी म्हणतो ना, घ्याच!"

हाच माणूस तीन महिन्यांपूर्वी हसून हसून वाकला होता.

मी पेन घेतलं. मनात आलं, घ्यावं ते काळं रिव्हॉल्व्हर. हाताला बसलं होतं. पण 'अज्ञात' आता खोटं होतं, आणि अकरा अंकांत उघडणाऱ्या पेटीवर जी बाई खोटी सही करत नाही तिने इथे का करावी? शिवाय पिस्तूलवाल्याचं बोलणं कानात होतं. हात जातो तो घरच्याच माणसावर. माझा हात त्या क्षणी कुठे जाऊ पाहत होता, ते मला चांगलं माहीत होतं.

"अर्ज मागे घेते," मी म्हणाले. "भाऊजी, बसा. लिहा. मी जिवंत असेपर्यंत हे घर विकायचं नाही. किल्ली आजपासून एकच. साक्षीला साहेब आणि शेजारचे दोघं. नाहीतर साहेबांच्या फाइलमध्ये नाव भरायला मला अर्धं मिनिट लागेल."

"आणि परवाना?" ते चाचरत म्हणाले.

"अजून हवाय का मला, भाऊजी?"

ते लिहू लागले. 'विकायचे नाही' मधला 'नाही' त्यांनी एवढा बारीक लिहिला की मी तो दुसऱ्यांदा लिहायला लावला.

तपासनीस जाताना म्हणाला, "मावशी, आमच्या बारा पेट्यांना अशी कुलपं होतील का? ऑफिसकडून पत्र पाठवतो."

"पाठवा. पत्रात 'व्यवसाय' नीट लिहा. कुलुपे उघडणे."

तो कागद आता भिंतीतल्या पोलादी पेटीत आहे. त्याच्यावर भाऊजींची जुनी किल्ली ठेवली आहे, वजन म्हणून. पेटी किल्लीशिवाय उघडायला मला स्वतःला चाळीस मिनिटं लागतात. दर महिन्याला एकदा मोजून बघते, कमी तर होत नाहीत ना.