लहानीबाईचा टब

"काका, मालक कुठंयत? गाडी लावतायत का?"

शोरूममधल्या टायवाल्या तरुणानं देवजीच्या खांद्यावरून बाहेर रस्त्याकडे पाहिलं. बाहेर मालक नव्हते आणि गाडीही नव्हती. देवजी हरड शेणव्याहून निघून मुरबाडला एसटी बदलून कल्याणात आला होता. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, काखेत छत्री, पायात चपला. टब घेणारा माणूस असा दिसत नाही, हे त्या तरुणानं ठरवूनच टाकलं होतं.

"मालक मीच," देवजी म्हणाला. "टब मलाच घ्यायचा हाय."

तरुणानं 'या ना, या' म्हटलं, पण चेहरा काही तसं म्हणाला नाही. तरी त्यानं एक निळ्या दिव्यांचा अगडबंब टब दाखवला. ह्यात सहा माणसं बसतात, चहूबाजूंनी फवारे मारतात, गाणीसुद्धा वाजतात, असं तो पाठ केल्यासारखं सांगत गेला.

"गाणी नकोत. एकाच माणसाचा पायजे. बाईमाणूस हाय. गळ्यापर्यंत पाणी आलं पायजे बघा."

"वाइफसाठी? वा काका, रोमँटिक हो!"

काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. देवजीनं सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती. असली हसणी त्यानं पोत्यानं ऐकली होती. तो टबाजवळ गेला. टबाचा काठ त्याच्या कमरेला लागला.

"आत उतरायचं कसं?"

"पाय टाकायचा की झालं."

"पाय उचलत नसला तर?"

"मग कुणीतरी उचलून आत ठेवायचं, सिंपल."

"उचलून नाय ठेवायचं!" देवजी एवढ्या मोठ्यानं बोलला की हसणारी मुलगी गप्प झाली. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "येतो," म्हणून तो बाहेर पडला आणि मुरबाड गाडीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

उचलण्याची ती गोष्ट अकलोलीची होती.

देवजीच्या बायकोनं, लहानीबाईनं, सारा जन्म आवणीत काढला. भाताची रोपं लावायला पावसाळाभर गुडघाभर चिखलात वाकून उभं राहायचं. स्वतःचं झालं की दुसऱ्याच्या शेतात. पन्नाशी उलटली आणि संधिवातानं तिला धरलं. आधी बोटं वाकडी झाली, मग गुडघे गेले. गोळ्या झाल्या, मलमं झाली, शहापूरचे डॉक्टर झाले. उतार पडायचा तो एकाच ठिकाणी. दर हिवाळ्यात देवजी तिला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचा. गळ्यापर्यंत पाण्यात बसली की तिच्या मुठी हळूहळू उघडायच्या, आणि ती त्याला हात वर करून दाखवायची, "बगा, फूल फुललं." तेवढे चार दिवस ती घरी येऊन स्वतःच्या हातानं भाकरी थापायची.

मग ती अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण पाय काही उचलेना. तरी त्या हिवाळ्यात देवजीनं तिला नेलंच. कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या, म्हणून त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं. अर्ध्यावर त्याचा पाय घसरला. दोघं पडली नाहीत, पण लहानीचं लुगडं सुटलं. समोर सहलीला आलेली पोरं होती. त्यातल्या एकानं मोबाइल वर केला.

लहानी त्या दिवशी पाण्यात उतरलीच नाही. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली आणि शहापूर मागं पडल्यावर एकच बोलली, "परत मला कुणाच्या पुढ्यात उचलू नका. मेले तरी चालंल."

देवजीनं शब्द दिला. आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं की कुंड तिच्याकडे आणायचं. हॉट टब नावाची वस्तू असते, हे त्यानं माळशेज रस्त्यावरच्या बंगल्यांतली कामं आटोपून येणाऱ्या बायांच्या तोंडून गाडीत ऐकलं होतं.

घरात कुणालाच हे पटलं नाही. मुलगा अक्षय म्हणाला, "बाबा, गीझर लावू या. लोक हसतील." लोक हसतच होते. 'कंडक्टर शेणव्यात तलाव बांधतोय' असं पारावर बोलणं सुरू झालं होतं. लहानी तर खाटेवरून रागावून बोलली, "मला काय म्हशीगत डुंबायचंय? ऱ्हाऊ द्या." सून नम्रता तेवढी काही बोलली नाही. सासूचे केस विंचरायचं काम तिच्याकडे होतं, आणि केस विंचरताना सासू दातावर दात रोवून बसते, हे तिनंच रोज पाहिलेलं.

दुसरा डीलर मुरबाडचा. त्याचं सगळं गिऱ्हाईक बंगलेवाले आणि रिसॉर्टवाले. तिथला शेठ फोनमधून डोकंही न काढता म्हणाला, "ऋतिक, यांना बघ."

ऋतिक धसईचा. त्यानं देवजीला न्याहाळून पाहिलं आणि म्हणाला, "तुमी धसई गाडीला होतात ना? मला एकदा मधीच उतरवलेलं तुमी."

"पास इसरला असशील."

"इसरलोच होतो," ऋतिक हसला. "चालत आलो घरापर्यंत. परत कदी इसरलो नाय."

ज्याला आपण उन्हात चालायला लावलं, तोच आपल्याला बसायला खुर्ची देतो, याचं देवजीला ओशाळं वाटलं. पण त्या खुर्चीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. अकलोलीसुद्धा. ऋतिक मध्ये एकदाही हसला नाही.

आठवड्यात तो मोटारसायकलवरून शेणव्याला आला. त्यानं पडवी मोजली, जमीन ठोकून पाहिली. "काका, टब जमिनीत पुरायचा. काठाला लागून फळी टाकायची. आजी फळीवर बसतील आणि घसरत आत जातील. पाय उचलायचं कामच नाय." देवजीला वाटलं, याच्या पाठीवर थाप मारावी. पण मग ऋतिकनं मीटर पाहिला आणि डोकं खाजवलं. "ह्याचा हीटर लावला ना, तर तुमच्यासंगं अख्ख्या आळीचे दिवे जातील."

"बरं झालं!" आतून लहानीचा आवाज आला. "ने रे बाबा तुझा टब परत."

"अजून आणलाय कुठं, आजी?" ऋतिक दारात जाऊन म्हणाला. "आदी आमच्या दुकानात येऊन बसून तर बगा. एका दुपारी भरून ठेवतो. त्या टायमाला गिऱ्हाईक नसतं."

"आनि मला उचलायचं कुनी?"

"कुनीच नाय. फळी मी आजच बनवायला टाकतो."

लहानी खाटेवर सावरून बसली. देवजीला तिचा नकार ओळखू येत असे. हा नकार नव्हता.

ठरल्या दिवशी नम्रतानं सासूला जीपमधून आणलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, माल उतरवायच्या धक्क्याखाली, काठ धक्क्याच्या पातळीत येईल असा टब ठेवून भरलेला होता, काठाला फळी लावली होती, वाफा निघत होत्या, आणि ऋतिकनं दोरीवर चादरी टाकून आडोसा केला होता. नम्रता लहानीला घेऊन आडोशाआड गेली. देवजी बाहेर, चादरीकडे पाठ करून, दोरी बांधलेल्या खांबाला हात लावून उभा राहिला. गाडीच्या दारात तो असाच उभा असायचा.

आत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून पुढचं त्याला थांबवता आलं नाही. लहानीनं कनवटीची पुरचुंडी सोडली. गरम पाणी म्हटलं की ते देवीचं. त्याला पाय लावायच्या आधी त्याची ओटी भरायची आणि माफी मागायची, एवढंच तिला ठाऊक. अकलोलीला ती हेच करायची. तिनं पाण्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं सोडली, मूठभर तांदूळ टाकले, ओंजळ डोक्याला लावली आणि म्हणाली, "आई, पाय लावते गो, राग धरू नको." मग फळीवरून आपली आपण घसरत पाण्यात उतरली.

पाणी बुडबुडत होतं. जरा वेळ बुडबुडलं, मग घुर्र झालं, खर्र झालं आणि मोटार बंद पडली. जळका वास सुटला.

शेठ धावत आला. "क्या डाला अंदर? ए ऋतिक! नवीन पीस आहे तो!" चादरीखालून वाहून आलेलं हळदीचं पाणी त्याला दिसलं आणि त्याचा आवाज चढला. "काढा बाईला बाहेर! आधी बाहेर काढा!"

त्यानं चादरीला हात घातला. देवजीनं तो हात धरला.

"आत बाईमाणूस हाय," देवजी म्हणाला. आवाज चढवला नाही. "ती बाहेर येईपर्यंत कुनी आत जायचं नाय. मशीनचं बिल माझ्या नावावर. टबबी माझ्याच नावावर. पन हितून मागं सरका."

इतकी वर्षं भरल्या गाडीत 'मागं सरका' म्हणणारा आवाज होता तो. शेठ मागं सरकला. सरकल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं.

तेवढ्यात आतून लहानी बोलली. तिला यातलं किती कळलं होतं कोण जाणे.

"आता कसं बरं वाटतं. मगापासून उगीच खदखदत होतं. अवो, आयकलं का? डिट्टो अकलोली."

मग नम्रताचा आवाज आला, जरा ओला. "बाबा, आईंनी हात उघडलाय."

देवजीनं मागे वळून पाहिलं नाही. खांब मात्र त्याला घट्ट धरावा लागला.

तो टब जळक्या मोटारीसकट शेणव्याला आला. ऋतिकनं मोटार आणि नळ्या काढून भोकं बुजवून दिली. हिला खदखद नकोच, आणि पाणी चुलीवर तापवायचं ठरल्यावर हीटरचा आणि आळीच्या दिव्यांचा प्रश्नही मिटला. पडवीत खड्डा खणून टब पुरला. भोवती जुन्या लुगड्यांचा पडदा लागला. अंगणात तीन दगडांवर हंडा चढला. देवजी दुपारपासून लाकडं घालायचा आणि ऊन कलतं झालं की हंड्यांमागून हंडे ओतायचा. वापरलेलं पाणी केळींना जायचं. पारावरची माणसं आधी बघायला आली आणि मग बघायची थांबली.

लहानीनं पाण्यातून हाक मारायची म्हणजे पंचाईत; गुडघ्यांबरोबर तिचा आवाजही बसला होता. देवजीनं डेपोतल्या भंगारातून गाडीची घंटी आणली, पडद्याच्या वर वाशाला टांगली आणि तिची दोरी टबाच्या काठापर्यंत सोडली. एसटीचाच नियम. एक घंटी म्हणजे थांबा, पाणी पुरे. दोन घंट्या म्हणजे चला, आता बाहेर काढा. दोन घंट्या झाल्या की देवजी नम्रताला हाक मारायचा, नम्रता आत जायची. तोवर त्यानं पडद्याबाहेर स्टुलावर पाठ करून बसायचं. "दोन घंट्या झाल्याबिगर वळायचं नाय," लहानीनं बजावलं होतं. "शब्द दिलाय तुमी."

तो हिवाळा लहानीबाईला मानवला. एकदा तिनं दोन भाकऱ्या थापल्या. एका दुपारी ऋतिक आला तेव्हा तिनं त्याच्यासमोर मूठ उघडली, "बग रे, फूल." पण खोकला होता, धापही लागायची. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, फार दिवस धरून चालू नका. हे देवजीला ठाऊक होतं, आणि तिलाही.

होळी चार दिवसांवर आली होती. देवजीनं पाणी ओतलं. आतून एक घंटी झाली. तो थांबला, हंडा खाली ठेवला आणि स्टुलावर बसला.

"जास्त कडत नाय ना गो?"

"नाय. बेस हाय." जरा वेळानं ती म्हणाली, "त्या पोराला शिमग्याला जेवायला बोलवा. तुमी त्याला उनात चालवला होता."

"बोलावतो."

मग ती काही बोलली नाही. ती अशी पुष्कळदा गप्प बसायची, डोळे मिटून. समोर केळींवर ऊन होतं, ते हळूहळू कुंपणावर गेलं. चुलीतली लाकडं विझत आली. पडद्याखालून येणारी वाफ आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली.

"लहाने," देवजीनं हाक मारली.

घंटी झाली नाही.

त्यानं पुन्हा हाक मारली नाही. जे झालं होतं ते त्याला पाठीनं कळलं होतं. उठावं, पडदा ओढावा, तिला कवटाळावं, असं त्याला फार वाटलं. पण शब्द दिलेला होता.

नम्रता हात पुसत बाहेर आली. "बाबा, पाणी गार झालं असेल. काढू का आईंना?"

"थांब," देवजी म्हणाला. "घंटी नाय झाली."

नम्रतानं सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरून ती तिथंच खाली बसली.

मग देवजी उठला. पडद्याकडे पाठ तशीच ठेवून त्यानं वर हात नेला, दोरी चाचपली आणि ओढली. एकदा. आणि पुन्हा एकदा.

मग तो वळला.